आधीच्या मालकाची घरपट्टी तुमची नसते

गेल्या महिन्यात शहर बदलण्याबद्दल सहज चार ओळी लिहिल्या होत्या तर एवढी पत्रं आली की यावेळचं सगळं सदर त्यालाच देऊन टाकलंय. बरीच पत्रं एकाच गाठीपाशी येऊन अडकलीयेत म्हणून सारखी सारखी एकत्र केलीत, आणि नावगाव, रकमा, चलन सगळं काढून टाकलंय, कारण कोण रुपयात लिहितं, कोण डॉलरात, कोण पाउंडात, आणि हिशोब शेवटी सगळ्यांचा तोच.

प्रश्न: ताई नमस्कार. नोकरीमुळे आम्हाला शहर बदलावं लागतंय. इथलं घर विकून तिकडे घ्यायचा विचार आहे. तिकडे आमच्याएवढंच घर इथल्यापेक्षा ३० टक्के स्वस्त मिळतंय, पण जो तो म्हणतो तिथली घरपट्टी कंबरडं मोडेल. आम्ही ज्यांच्याकडून घर घेतोय त्या आजोबांनी त्यांची पावती दाखवली, ती काही एवढी भयंकर वाटली नाही. मग लोक उगाच घाबरवतायत का? नक्की कशाची तुलना कशाशी करायची?

उत्तर: लोक उगाच घाबरवत नाहीयेत आणि आजोबांची पावतीही खोटी नाहीये. फक्त ती तुमची नाहीये.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, पोळलेल्या तोंडाने सांगतेय. आम्ही शहर बदललं तेव्हा मीही असंच केलं होतं, विकणाऱ्या काकांकडून मागच्या वर्षीची पावती मागून घेतली, तिचा फोटो काढला, वहीत आकडा लिहिला, बाराने भागला, घराच्या हप्त्यात मिळवला आणि म्हटलं बसतंय बजेटमध्ये. पहिलं बिल आलं ते जुन्याच आकड्याचं, त्यामुळे मी अजूनच निर्धास्त. दुसरं बिल आलं ते अडीच पट, आणि त्याच्यासोबत एक वेगळा कागद की मधल्या महिन्यांचा फरकही भरा. मला वाटलं टायपिंगची चूक असेल, ते बिल घेऊन ऑफिसात गेले, तिथल्या बाईंनी शांतपणे जुनी नोंद काढून दाखवली: घर काकांच्या नावावर बावीस वर्षं होतं, किंमत तेव्हाची धरलेली आणि हळूहळू वाढवलेली, वर ज्येष्ठ नागरिक म्हणून सूट. माझ्या नावावर आल्याबरोबर दोन्ही गळाले. "सवलत त्या गृहस्थांना होती हो, घराला नव्हती," असं म्हणून त्यांनी पुढच्या नंबरला बोलावलं. मी तिथेच बाकावर बसून वहीतला आकडा खोडला.

आता हे सगळीकडे होतं असं नाही, पण जिथे होतं तिथे फार जोरात होतं. ठसठशीत उदाहरण कॅलिफोर्नियाचं. तिथे १९७८ मध्ये लोकांनी मतदान करून प्रपोझिशन १३ आणलं, त्यानुसार मूळ कर घराच्या नोंदलेल्या किमतीच्या १ टक्क्यावर बांधला गेला आणि ती नोंदलेली किंमत वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के वाढू शकते. बाजार कितीही पळू दे, घर विकलं जाईपर्यंत २ च्या वर नाही. विकलं की मात्र किंमत परत आजच्या बाजारभावाला. त्यामुळे एकाच रस्त्यावर सारखी दोन घरं, एकात तीस वर्षं राहणारे आजीआजोबा, दुसऱ्यात गेल्या वर्षी आलेलं जोडपं, आणि त्यांच्या बिलात चार-पाच पट फरक असू शकतो. शिवाय घर घेतल्यावर काही महिन्यांनी जुन्या आणि नव्या किमतीतल्या फरकाचं वेगळं बिल येतं ते येतंच, आणि ते बऱ्याचदा बँकेच्या हप्त्यातून वळतं होत नाही, थेट तुमच्या दारात पडतं. फ्लोरिडात स्वतः राहत्या घराची किंमत वर्षाला ३ टक्के किंवा महागाई यातलं जे कमी तेवढीच वाढते, पण घर विकलं की तिथेही पाटी कोरी. मिशिगनमध्ये १९९४ मध्ये झालेल्या बदलानंतर ५ टक्के किंवा महागाई यातलं जे कमी ते, विकल्यावर तेच. म्हणजे जिथे जिथे जुन्या मालकाला संरक्षण आहे तिथे तिथे नव्या मालकाला धक्का आहे, आणि जितका विकणारा जुना तितका धक्का मोठा. तुमचे तर आजोबाच आहेत.

म्हणून तुलना करायची ती तुमच्या आजच्या बिलाची आणि तुमच्या नावावर घर आल्यावर येणाऱ्या बिलाची. त्यासाठी कर खात्याला एवढंच विचारायचं की हे घर मी या किमतीला घेतलं तर पुढच्या पूर्ण वर्षाचं बिल किती. बऱ्याच ठिकाणी वेबसाइटवर कॅल्क्युलेटर असतो. नसेल तर त्याच गल्लीत गेल्या एक-दोन वर्षांत विकलेल्या घराचं बिल शोधा, कित्येक देशांत ही नोंद कुणालाही बघता येते, आणि ते बिल तुम्हाला आजोबांच्या पावतीपेक्षा शंभर पटीने खरं सांगेल.

आता ३० टक्के स्वस्त म्हणजे खरंच किती स्वस्त. माझ्या वहीतली पद्धत सांगते. तुमच्या इथल्या घराची किंमत १०० धरा, तिथलं ७०. इथली घरपट्टी वर्षाला किमतीच्या अर्धा टक्का, म्हणजे ०.५. तिथली तुमच्या नावावर आल्यावर २ टक्के, म्हणजे ७० वर १.४. वर्षाचा फरक ०.९. हा फरक तुम्ही त्या घरात असेपर्यंत दर वर्षी भरणार, मग त्याची आजची किंमत काढायची तर त्याला घरकर्जाच्या व्याजदराने भागायचं. व्याज ६ टक्के असेल तर ०.९ भागिले ०.०६ म्हणजे १५. म्हणजे ७० चं घर तुम्हाला ८५ ला पडलं. १०० पेक्षा स्वस्तच आहे, पण ३० ने नाही, १५ ने. आणि आजोबांच्या पावतीवर समजा ०.७ च असेल तर तुम्ही फरक ०.२ धरला असता, ०.२ भागिले ०.०६ म्हणजे साधारण ३, आणि वहीत लिहिलं असतं की घर ७३ ला पडतंय. ७३ आणि ८५ मधले बारा कुठे गेले तर चुकीच्या पावतीत गेले.

ही भागाकाराची पद्धत ढोबळ आहे, घरपट्टी आहे तशीच राहील असं त्यात गृहीत आहे आणि ती राहत नाही. तुम्ही पाचच वर्षं राहणार असाल तर भागाकार करूच नका, सरळ फरक गुणिले पाच करा, त्यात घर घेताना आणि विकतानाचे खर्च घाला, मुद्रांक शुल्क, दलाली, वकील, नोंदणी, सामान हलवणं. कमी वर्षांच्या मुक्कामात घरपट्टीपेक्षा हेच खर्च जास्त खातात हे मी बघितलंय. पण वीस वर्षांचा बेत असेल तर भागाकार कराच, कारण कर्जाचा हप्ता एक दिवस संपतो, घरपट्टी काही संपत नाही.

अजून एक, त्या बिलात काय काय येतं ते ओळ न ओळ वाचा. काही शहरांत पाणी, कचरा, सांडपाणी सगळं घरपट्टीत, काही ठिकाणी प्रत्येकाचं बिल वेगळं, मग नुसती घरपट्टी शेजारी शेजारी ठेवून काय उपयोग. अमेरिकेत बिलाचा मोठा भाग स्थानिक शाळांचा असतो, तुमची मुलं तिथल्या सरकारी शाळेत जाणार असतील आणि इथे तुम्ही खाजगी शाळेची फी भरत असाल तर तो फरकही वहीत यायला हवा. नव्या वसाहतींत तर रस्ते, गटारं, पाण्याच्या लाइनी घालायला काढलेल्या कर्जाचे हप्तेसुद्धा घरमालकांकडून वेगळा कर म्हणून घेतात, कॅलिफोर्नियात याला मेलो-रूस म्हणतात, टेक्सासात पाण्या-सांडपाण्यासाठी वेगळे जिल्हे काढून त्यांचा कर लावतात. जाहिरातीत हे नसतं. चकचकीत नवीन घर जुन्यापेक्षा स्वस्त दिसलं की मी आधी हीच ओळ शोधते.

आणि घरपट्टी जास्त म्हणून शहराला नाव ठेवण्याआधी पगारातून काय कापलं जातं ते पण बघा. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही, घरपट्टी दणदणीत आहे. न्यू हॅम्पशायरमध्ये पगारावर राज्याचा कर नाही, विक्रीकरही नाही, मग शाळा चालवायला पैसा कुठून येणार, घरांवरूनच. दोघं मिळवते असाल आणि घर मध्यम घेत असाल तर अशी जागा तुम्हाला परवडेल. पगार बेताचा आणि घर मोठं असेल तर उलटं.

प्रश्न: जिथे घरपट्टी कमी तिथे घरं महाग आणि जिथे जास्त तिथे स्वस्त, असं मला तरी दिसतंय. हा योगायोग आहे का?

उत्तर: पूर्ण योगायोग नाही. घेणारा माणूस मूर्ख नसतो, वर्षाला किती भरावं लागणार हे त्याला कळलं की तो तेवढं किमतीतून कापून मागतो. वॉलेस ओट्स नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९६९ मध्ये न्यू जर्सीतल्या ५३ गावांचा अभ्यास करून हेच दाखवलं होतं की कराचा दर जास्त असेल तर घरांच्या किमती खाली येतात, पण त्याच पैशातून शाळा चांगल्या चालत असतील तर किमती परत वर जातात. म्हणजे वर मी जो भागाकार सांगितला तो बाजार आपल्या परीने करतच असतो, फक्त नीट करत नाही, आणि जिथे नीट करत नाही तिथेच तुम्हाला फायदा किंवा फटका. नुसती कमी घरपट्टी बघून धावलात तर ती सूट तुम्ही किमतीत आधीच भरलेली असण्याची शक्यता जास्त.

प्रश्न: ताई, मी तीन शहरांचे दर काढले. एकात १२ टक्के लिहिलंय, एकात ३०, आणि एकात १.२. हे ३० आहे ते टक्के पण नाहीये, काहीतरी मिल म्हणून आहे. १२ टक्के घरपट्टी कुणी भरू शकतं का? डोकं फिरलंय.

उत्तर: डोकं शांत ठेवा, तिन्ही बिलं सारखी निघू शकतात.

दर कशावर लावलाय ते दराच्या शेजारी लिहिलेलं नसतं, तिथे सगळा घोळ आहे. शिकागो ज्यात येतं त्या कुक काउंटीत राहत्या घराची नोंदलेली किंमत ही बाजारभावाच्या फक्त १० टक्के धरतात, वर राज्याचा एक गुणक लावतात तो वेगळाच. अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्यात बाजारभावाच्या ४० टक्के धरतात. काही ठिकाणी पूर्ण १००. आणि मिल म्हणजे हजारी, दर हजाराला एक, म्हणजे ३० मिल म्हणजे ३ टक्के. आता १०० किमतीचं घर घ्या: एकीकडे १० धरून त्यावर १२ टक्के म्हणजे १.२, दुसरीकडे ४० धरून त्यावर ३० मिल म्हणजे १.२, तिसरीकडे पूर्ण १०० वर १.२ टक्के म्हणजे १.२. बिल एकच, पाट्या तीन. म्हणून दर वहीत लिहूच नका. लिहायचा एकच आकडा, वर्षाचं एकूण बिल भागिले आज बाजारात येणारी किंमत. त्याला प्रभावी दर म्हणतात, तो शहराशहरांत लावून बघता येतो, बाकी सगळे आकडे त्या त्या ऑफिसच्या सोयीचे.

त्यात धरलेली किंमत कुठल्या तारखेची हेही बघायला लागतं, आणि इथे तर गंमतच आहे. कॅनडात व्हँकुव्हरला दर वर्षी नवीन मूल्यांकन होतं, आदल्या वर्षाच्या १ जुलैचा भाव धरून, आणि टोरंटोला वर्षानुवर्षं १ जानेवारी २०१६ चाच भाव धरून बिलं निघत राहिली. जर्मनीत तर पश्चिमेकडे १९६४ चे आणि पूर्वेकडे १९३५ चे आकडे धरत होते, शेवटी घटनात्मक न्यायालयाने २०१८ मध्ये हे चालणार नाही म्हणून सांगितलं आणि २०२५ पासून नवीन पद्धत आली. इंग्लंडमध्ये कौन्सिल टॅक्स, म्हणजे तिथली घरपट्टी, अजून १ एप्रिल १९९१ ला घराची जी किंमत असती तिच्यावर ठरतो, घर त्यानंतर बांधलेलं असलं तरी! तिथे किमतीनुसार ए ते एच अशा घरांच्या आठ श्रेणी आहेत आणि सगळ्यात वरच्या श्रेणीचा कर सगळ्यात खालचीच्या फक्त तिप्पट असतो, घराची किंमत वीसपट असली तरी. त्यामुळे तिथे महाग घर घेणाऱ्याचा प्रभावी दर कमी आणि स्वस्त घर घेणाऱ्याचा जास्त, हे मला अजूनही पचलेलं नाही. आपल्याकडेही एकसारखं कुठे आहे, मुंबईने २०१० पासून भांडवली मूल्य, म्हणजे घराची किंमत, धरलं, दिल्लीने २००४ पासून क्षेत्रफळ आणि वसाहतीची श्रेणी धरून हिशोब सुरू केला, आणि काही शहरं अजून घराला भाडं किती येईल यावरून काढतात.

आणि हो, किमती वाढल्या म्हणजे घरपट्टी तेवढीच वाढते हा समजही सगळीकडे लागू नाही. कॅनडातल्या शहरांत आधी पालिकेचा खर्च ठरतो, मग तो सगळ्या घरांच्या एकूण किमतीने भागून दर निघतो. सगळ्यांच्याच किमती दुप्पट झाल्या तर दर अर्धा होतो आणि बिल जवळपास तिथेच राहतं. बिल वाढतं ते पालिकेचा खर्च वाढला तर, किंवा तुमच्या भागाची किंमत बाकीच्या शहरापेक्षा जास्त वाढली तर. व्हँकुव्हरचा दर एवढा कमी का दिसतो याचं उत्तरही बरंचसं यातच आहे, घरं इतकी महाग की कमी दरातच खर्च निघतो. दर कमी म्हणून पालिका उदार असं समजू नका.

प्रश्न: दोन शहरांमधल्या घरांच्या सरासरी किमती काढल्या तर आमचं शहर १५ टक्क्यांनी महाग निघतं. पण प्रत्यक्ष तिकडे जाऊन घरं बघितली तर आमच्यासारखं घर तिकडे उलट महागच वाटलं. सरासरी चुकीची असते का?

उत्तर: सरासरी चुकीची नसते, ती तुमच्या घराची नसते. चार बंगले कोटींनी विकले गेले की सरासरी वर उडते, म्हणून आधी सरासरीऐवजी मध्यक बघा, म्हणजे विकलेल्या घरांच्या रांगेतलं मधलं घर. पण मध्यकसुद्धा फसवतो, कारण एका शहरात विकली जाणारी घरं बहुतेक छोटे फ्लॅट असतील आणि दुसऱ्यात स्वतंत्र घरं, मग मध्यकाची तुलना म्हणजे फ्लॅटची बंगल्याशी तुलना.

तुम्ही जे केलंत तेच बरोबर आहे, आपल्यासारखं घर शोधायचं. मी असं करते की आपल्या घराचं वर्णन एका कागदावर लिहायचं, खोल्या, क्षेत्रफळ, वय, कामाच्या ठिकाणाहून दाराला दार लागणारा वेळ, आणि त्या वर्णनाची पाच तरी घरं दुसऱ्या शहरात विकली गेलेली शोधायची. विकली गेलेली, जाहिरातीतली नाही, जाहिरातीतली किंमत ही विकणाऱ्याची इच्छा असते. क्षेत्रफळ कोणतं हे विचारून घ्या, कारपेट की बिल्टअप की सुपर बिल्टअप. भारतात २०१६ च्या रेरा कायद्याने बिल्डरला कारपेटवर बोलायला लावलं तरी तोंडी बोलताना सगळे अजून सुपर बिल्टअपच सांगतात. दुसऱ्या देशात असाल तर तळघर, गॅरेज, गच्ची यातलं काय धरतात तेही बघा.

भाडंही काढा बरं का. त्याच घराची किंमत भागिले वर्षाचं भाडं. एका शहरात हे ४० आलं आणि दुसऱ्यात १८, तर पहिल्या शहरात विकून दुसऱ्यात घेणं सोपं आणि उलट जाणं महाकठीण, आणि पहिल्या शहरात तुम्ही परत येणार असाल तर मी आत्ता विकायच्या आधी दहादा विचार करेन.

प्रश्न: आम्ही दोघं निवृत्त होतोय. मोठं घर विकून मुलीच्या शहरात छोटं घ्यायचंय. छोटं घर म्हणजे घरपट्टीही कमी येईल ना?

उत्तर: नाही हो, हमखास नाही. तुम्ही जुन्या घरात किती वर्षं आहात यावर आहे. वरच्या पत्रात नव्या मालकाला जो धक्का म्हटला तो तुम्हालाही बसणार, कारण तिकडे तुम्ही नवे. जुन्या मोठ्या घराचं बिल कमी आणि नव्या छोट्याचं जास्त हे कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी सर्रास होतं, आणि म्हणूनच तिथले कित्येक म्हातारे पाच खोल्यांच्या घरात दोघंच राहतात, हलत नाहीत.

यावर काही ठिकाणी वाटा काढल्यात. कॅलिफोर्नियात १ एप्रिल २०२१ पासून ५५ च्या वरच्यांना जुन्या घराची नोंदलेली किंमत नव्या राहत्या घराला नेता येते, राज्यात कुठेही, आयुष्यात तीन वेळा, आणि नवीन घर महाग असेल तर वरचा फरक तेवढा मिळवतात. फ्लोरिडातही काही मर्यादेपर्यंत फायदा सोबत नेता येतो. पण हे सगळं त्या त्या राज्याच्या हद्दीत, हद्द ओलांडली की संपलं. टेक्सासमध्ये ६५ च्या वरच्यांच्या राहत्या घराचा शाळा-कर गोठवतात, म्हणजे त्याच्या वर जात नाही. मुलीच्या शहरात असं काही असेल तर वय पूर्ण होण्याची तारीख आणि घर नावावर होण्याची तारीख यांची सांगड घाला.

सगळ्यात महत्त्वाचं, सवलत आपोआप मिळत नाही, अर्ज करावा लागतो, तारखेच्या आत. फ्लोरिडात राहत्या घराच्या सवलतीचा अर्ज १ मार्चच्या आत लागतो, तारीख हुकली तर त्या वर्षाचं पूर्ण बिल येऊ शकतं. घराच्या किल्ल्या हातात आल्या की पडदे नंतर लावा, हा अर्ज आधी करा. आणि मुलीला सांगून ठेवा, कारण पत्रं जुन्या पत्त्यावर जातात.

आणि तुमचं उत्पन्न आता पेन्शन आणि व्याज असल्याने पगारावर कर नाही या फायद्याचा तुम्हाला फारसा उपयोग नाही, घरपट्टी मात्र पूर्ण भरायची. कमावत्या मुलीला जे शहर स्वस्त ते तुम्हाला महाग पडू शकतं. तिथे दोन वर्षं भाड्याने राहून बघणं हा माझ्या मते तुमच्यासाठी चांगला मार्ग, पण मुलीला हे पटणार नाही, मला माहितीये.

प्रश्न: जुनं घर न विकता भाड्याने द्यायचं ठरवलंय. घरपट्टी तीच राहील ना? आणि नव्या शहरात आम्ही भाड्याने राहू तर आम्हाला घरपट्टीचा प्रश्नच नाही, बरोबर?

उत्तर: दोन्ही ठिकाणी सावध राहा. स्वतः राहणाऱ्याला वेगळा दर आणि भाड्याने देणाऱ्याला वेगळा असं पुष्कळ ठिकाणी आहे. साउथ कॅरोलायनात राहत्या घराची किमतीच्या ४ टक्के धरतात आणि भाड्याच्या घराची ६, म्हणजे तिथेच दीडपट झालं. सिंगापूरला स्वतः राहत असाल तर दर कमी, नाहीतर वरचा. तुम्ही बाहेर पडलात हे कळवलं नाही आणि नंतर सापडलं तर मागच्या वर्षांचा फरक दंडासकट वसूल होतो, तेव्हा भाड्याचा आकडा ठरवायच्या आधी नवीन बिल काढून घ्या.

आणि भाडेकरूंना प्रश्न नाही कसं, इंग्लंडमध्ये कौन्सिल टॅक्स सहसा घरात राहणारा भरतो, म्हणजे भाडेकरूच. एकटेच मोठे राहत असाल तर २५ टक्के सूट मिळते, पण मागावी लागते. बाकी ठिकाणी मालक भरतो आणि भाड्यात घालून वसूल करतो, त्यामुळे करार करताना घरपट्टी कुणाची, वाढली तर वाढ कुणाची, एवढं एक वाक्य लिहून घ्या.

प्रश्न: मुद्रांक शुल्क एवढं असतं की शहर बदलावंसंच वाटत नाही. हे कुठे नाहीये का?

उत्तर: सगळं काढून टाकलंय असं ठिकाण शोधत बसू नका, पण ऑस्ट्रेलियाच्या राजधानीने, म्हणजे कॅनबेराच्या सरकारने, २०१२ मध्ये ठरवलं की वीस वर्षांत घर घेतानाचं शुल्क हळूहळू संपवायचं आणि त्याऐवजी वर्षाची पट्टी वाढवायची. म्हणजे घर घेताना एकदम नाही, राहाल तितकी वर्षं थोडं थोडं. वारंवार बदली होणाऱ्याला हे सोयीचं, तीस वर्षं एकाच घरात काढणाऱ्याला महाग. तुम्ही यातले कोण हे पत्रात लिहिलं नाहीत.

प्रश्न: पहिलं पत्र लिहिणारीच मी, ताई. तुमचं उत्तर फोनवर ऐकल्यावर आम्ही आजोबांच्या गल्लीतलं गेल्या वर्षी विकलेलं घर शोधलं. त्याचं बिल आजोबांच्या दुप्पट आहे. आता आजोबांकडे किंमत कमी करून मागावी का?

उत्तर: मागा. बिल छापून न्या, शेजारी आजोबांची पावती ठेवा आणि फरक कसा काढला ते त्यांच्यासमोरच मांडा. आजोबा बहुतेक म्हणतील की मला तर एवढंच येतं, त्यांच्यासाठी ते खरंच आहे, वाद घालू नका. दलालाला मात्र हे आधीपासून माहीत असतं, त्याच्याकडे बघून बोला.